उष्टी हळद

फोन मीच लावला होता. भर मांडवात उभी राहून, दिराला तोंडावर सांगून लावला. हे पहिलेच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजूनही काही बाया "कोणं केला असन बाप्पा तो फोन" असं म्हणतात आणि म्हणताना डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहतात. अहो, कोपऱ्यातून कशाला? पूर्ण डोळे उघडून पाहा. मीच केला.

मी अंगणवाडीची कार्यकर्ता. सौंसरहून रामाकोन्याच्या रस्त्याला लागलं की आतमध्ये आमचं गाव आहे. कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. घरात आम्ही वऱ्हाडी बोलतो, राज्य हिंदीवाल्यांचं म्हणून मीटिंगमध्ये हिंदी, आणि लिहायला बसलं की शाळेत शिकलेली मराठी आठवते. माझं काम म्हणजे गरोदर बायांची वजनं करा, लेकरांना टीके, म्हणजे लसी, टोचायला गोळा करा, पोरींना लोहाच्या गोळ्या द्या, आणि कुठं अठराच्या आत लग्न लागत असलं तर वर कळवा. बाकीची कामं करताना गाव मान देतं. शेवटचं काम केलं की कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

धाकट्या दिराचं आणि आमचं घर एकाच अंगणात. मधात नळ, तोही सामायिक. दिराची पोरगी, म्हणजे माझी पुतणी, चालायला लागली तेव्हापासून माझ्या मागेमागे अंगणवाडीत. मला दोन पोरगे, दोघंही नागपूरला कामाला. पोरीची जी काही हौस होती ती मी हिच्यावर भागवली. वेण्या मी घातल्या, शाळेत नाव मी टाकलं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती आईकडे न जाता माझ्याकडे आली. मला ती "मोठी माय" म्हणते. सौंसरच्या शाळेत अकरावीला होती तेव्हा तिचं त्या पोट्ट्याशी जमलं. बोरगावला कंपनीत कामाला, घरी थोडी बाग, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. तिला कोणी ओढून नेत होतं असं काही नाही. तिलाही तो आवडत होता. सोळा वर्षांच्या पोरीला कोणी ना कोणी आवडणारच, म्हणून काय लगेच संसाराला जुंपायची?

दिरानं मला शब्द दिला होता की आता फक्त साखरपुडा, लग्न बारावीनंतर, अठरा पूर्ण झाल्यावर. मी विश्वास ठेवला. मग मला पांढुर्ण्याला ट्रेनिंगला बोलावलं. पांढुर्णा आता जिल्हा झाला, त्यामुळे सगळं तिकडेच असतं. ट्रेनिंग कशाचं, तर बालविवाह कसा थांबवायचा. हसू नका. तिथं मी सगळं ऐकलं, दोनदा चहा घेतला, आणि परत येऊन ऑटोतून उतरते तर आमच्या अंगणात मांडव. आंब्याची पानं बांधलेली, स्पीकर लावलेला, चुलीवर मोठे गंज चढलेले.

"भाऊजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"काय करून राह्यलो? पोरीचं लगन करून राह्यलो."

"बारावीनंतर म्हणाले होते ना?"

"वहिनी, पोट्टा चांगला हाय. बारावीपर्यंत कोणी थांबते का? अन् हे दोघं दिवसभर मोबाईलवर. उद्या पळून गेली तं गावाले तोंड तुमी देसान का?"

"मंग मी फोन लावून राह्यली," मी म्हटलं.

"लावा," तो म्हणाला आणि पानं बांधायला वळला. त्याला वाटलं, घरचीच बाई आहे, लावून लावून कोणाला लावणार.

मी वर ऑफिसात लावला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, गावाचं नाव, घर, पोरीचं वय, सगळं सांगितलं. नवरा बागेकडे निघून गेला. तो असाच आहे, भांडण दिसलं की त्याला बागेतलं काम आठवतं.

आता इथं हळदीचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते. त्याच्या अंगाला लावून जी उरते ती उष्टी हळद. ती नवरदेवाकडच्या बाया वाजतगाजत आणतात आणि तीच नवरीला लावतात. एकदा ती लागली की पोरगी त्या घरची झाली, असं आमच्या बाया धरून चालतात. अक्षता दुसऱ्या दिवशी पडतात, पण बायांच्या मनात लग्न तिथंच लागलेलं असतं.

माझा फोन झाला तेव्हा उष्टी हळद यायची होती. सरकारी जीपही यायची होती. जाऊबाईनं, माझ्या धाकट्या जावेनं, लगेच तिकडं निरोप दिला की हळद संध्याकाळी नको, आत्ताच आणा. "आटपा व बायाहो," ती म्हणत होती, "एकदा हळद लागली का मंग कोणी काही करू शकत नाही." मी मधात जाऊन उभी राहिले. बायांनी मला हाताला धरून बाजूला केलं, रागानंही नाही, लेकराला चुलीपासून दूर करतात तसं. माझ्या डोळ्यांदेखत पोरीच्या गालाला, हातांना, पायांना ती हळद लागली. ती खाली मान घालून हसत होती. आणि मग जीप आली.

वरून आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, हे म्हणावंच लागेल. आवाज चढवला नाही. पोलिसांना मांडवाच्या बाहेरच थांबवलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि समझाईश दिली. पोरीचं शरीर अजून तयार नाही, एवढ्या लहान वयात बाळंतपण आलं तर आई मरते, नाहीतर लेकरू मरतं, असं सगळं. दिरानं कागदावर सही केली की पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत मी तिचं लग्न लावणार नाही. तिकडच्यांनीही सह्या केल्या. मग फोटो काढला. मॅडमनी मला ओढून मधात उभं केलं आणि म्हणाल्या, सगळ्या कार्यकर्ता अशा असत्या तर काय पाहिजे होतं. माझ्या जावेनं त्याच मॅडमला थंड पाणी आणून दिलं, पदर डोक्यावर घेऊन. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी आत गेले. पोरगी पिवळीजर्द होऊन कोपऱ्यात बसली होती.

"मोठी माय," ती म्हणाली, "तू फोटो बी काढला?"

"तुह्या भल्यासाठीच केलं ना व, बाई."

"आता मी शाळेत कशी जाऊ? साऱ्याइले मालूम झालं."

मी म्हटलं, जाशील, दोन दिवसांत लोक विसरतात. लोक विसरले नाहीत आणि ती शाळेत गेली नाही. हळद तर कितीतरी दिवस निघत नव्हती, नखांच्या कडांना तशीच. नळावर बाया बोलायच्या. हळद लागलेली पोरगी घरात बसवणं बरं नव्हे, आता दुसरं कोणतं घर हिला करणार, दुसऱ्या कोणाच्या हळदीला तर हिला बोलावूही नये. माझ्यासमोर बोलायच्या, मला ऐकू जावं म्हणून. मी बादली भरून जोरात आपटून ठेवायची आणि घरात यायची. त्यांच्या तोंडाला कोण लागतं? पण ते सगळं पोरीच्याही कानावर पडत होतं आणि तिच्या बापाच्याही.

आषाढात एक दिवस पोरगी दिसली नाही. विचारलं तर जाऊ म्हणाली, मामाच्या गावी गेली. मामाच्या गावी मी फोन केला, तिथं नव्हती. मग कळलं की तो पोट्टा भर दुपारी मोटरसायकलवर आला आणि तिला तिच्या बॅगेसकट घेऊन गेला. बापानं स्वतः बॅग बांधून दिली.

मी तशीच दिराच्या दारात गेले. तो जेवत होता.

"तुमी सही केली होती ना, भाऊजी?"

"केली होती. मोडली का मी? लगन लावलं का?" घास हातात धरूनच त्यानं मला विचारलं. "अक्षता नाही टाकल्या, मंगळसूत्र नाही घातलं, बामन नाही बोलावला. कागदात लिवलं होतं का लगन लावाचं नाही. नाही लावलं. पोरीले पाठवाचं नाही, असं कुठं लिवलं होतं? उष्टी हळद लागली तिच्या अंगाले. तिले काय मी जनमभर घरात ठेवू?"

तो खोटं बोलत नव्हता, चलाखीही करत नव्हता, हेच मला त्या दिवशी सर्वात जास्त लागलं. त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं सरकारचाही शब्द राखला आणि हळदीचाही. त्याच्या हिशेबात दोन्ही बाजू बरोबर बसल्या होत्या. मी तिथं उभी राहून रडले, चक्क रडले, आणि तो म्हणाला, "बसा वहिनी, भाकर खा."

मी वर कळवलं. त्या चांगल्या मॅडमची बदली झाली होती. नवीन होत्या त्यांनी ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "शादी हुई क्या?" मी म्हटलं, नाही झाली. "मतलब विवाह तो रुक गया ना?" मी म्हटलं, मॅडम, विवाह थांबला, पोरगी नाही थांबली. त्या म्हणाल्या, दिखवाते हैं. मी परत परत फोन केले. दिखवाते हैं, दिखवाते हैं. एकदा तर मला त्यांनी सांगितलं की तुमचं काम फार चांगलं झालं आहे, आता उगीच बिघडवू नका.

दिवाळीला पोरगी माहेरी आली. गळा रिकामा होता. कोणी फोटो काढून वर दाखवेल या भीतीनं सासरच्यांनी मंगळसूत्र घातलंच नव्हतं, नुसती सुनेसारखी राहायची. अंगणातून चालत आली तेव्हाच मला कळलं. माझं आयुष्य गेलं त्यात, मला चाल पाहून कळतं. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण जवळून गेली तेव्हा मी तिचा हात धरला आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी. तिनं हात सोडवला नाही. "चक्कर येते का व?" मी विचारलं. "येते," ती म्हणाली, आणि मग लगेच, "पण उलट्या थांबल्या." तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते तिच्या पहिलीतल्या हसण्यासारखंच होतं.

त्याच दिवशी मी दिराला म्हटलं, हिला दवाखान्यात न्या. रक्त तपासा, सोनोग्राफी करा.

"दवाखान्यात वय इचारते," तो म्हणाला.

"विचारू द्या."

"अठराच्या आत सांगतलं का डॉक्टर पोलिसाले कळवते. कायदाच हाय तसा. तुमाले माह्यापेक्षा जास्त मालूम हाय. पोट्टा आत जाईन. अन् मी सही केली होती, मीही आत जाईन. मंग घर कोण पाहीन?"

हे मात्र खरं होतं आणि मला खरंच त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ज्या दवाखान्यात नेल्याशिवाय पोरीचा जीव वाचत नाही, त्याच दवाखान्याच्या दारात तिच्या लेकराच्या बापाला धरणार. त्यांनी ठरवलं होतं की बाळंतपण घरीच करायचं. तिकडच्या गावात एक म्हातारी सुईण होती. तिच्या हातची किती लेकरं आज बाप झाली आहेत, असं दीर मला सांगत होता. मी म्हटलं, जी झाली नाहीत तीही सांगा ना.

मग मला जे करता येईल ते मी केलं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, पोषण आहाराची पाकिटं. मोबाईलमध्ये तिची नोंद करायला गेलं की पहिले वय विचारतं, म्हणून माझ्या वाट्याचं, सांडलेलं-उरलेलं असं करून जमवायची आणि तिच्या सासरी पोचवायला जावेच्या हातात द्यायची. असं करता करता आम्ही दोघी जावा परत बोलायला लागलो. गोळी जेवल्यावर द्यायची का आधी, चहासोबत द्यायची नाही, एवढंच बोलायचो. पण बोलायचो. एकदा तिनं पिशवी घेतली आणि माझा हात तसाच धरून ठेवला. "जाऊबाई, वाचन ना व माही पोरगी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यात नेलं तर वाचेल. तिनं हात सोडला.

थंडी संपता संपता ती फोनवर आईला म्हणाली की चप्पल बसत नाही. पाय सुजले. डोकं दुखते. मी दुसऱ्याच दिवशी बोरगावकडची बस धरली आणि तिच्या सासरी गेले. तिथं कोणी राक्षस नव्हतं हो. तसं असतं तर मला बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. सासूनं चहा केला, पोरीला उठून पाणीही आणू देत नव्हती. "आमी तिले काहीच काम नाही सांगत, विहीणबाई," ती म्हणाली, आणि ते दिसतच होतं. पोरगी खाटेवर पाय लोंबकळवून बसली होती. मी अंगठ्यानं पाय दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

पोट्टा कंपनीतून आला, मला पाहून थबकला. मला बाहेर बागेकडे घेऊन गेला. झाडांवरून संत्री उतरवणं चालू होतं, क्रेट रचलेले होते. चपलेच्या टोकानं माती उकरत तो म्हणाला, "मोठी माय, खरं सांगजो. दवाखान्यात नेलं तं मी आत जाईन ना?"

"जाशील," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"ते मला नाही माहीत, बाबू."

"अन् नाही नेलं तं?"

"तिच्या अंगात रक्त नाही. पाय सुजले, डोकं दुखते, हे चांगलं लक्षण नाही. झटके येऊ शकतात. घरी झटके आले तर तिथं कोणीच काही करू शकत नाही. मरन पोरगी." मी हे असंच बोलले, काहीही मऊ न करता. तो एकवीस वर्षांचा होता, त्याच्या हनुवटीवर दाढीसुद्धा धड आली नव्हती. "आणि नेलंस तर डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. जे आहे ते सांगायचं."

त्यानं मान हलवली. आम्ही परत घरात आलो. निघताना सासू म्हणाली, "पोराले काय सांगतलं तुमी? तोंड उतरलं त्याचं." मी पिशवी उचलली आणि बस धरली.

होळी झाली आणि एक दिवस दुपारी त्याचा फोन आला. दिवस अजून भरले नव्हते. "तिले दिसत नाही म्हणते," तो ओरडत होता, "साऱ्या घरात अंधार झाला म्हणते." घरात भांडण चालू होतं. त्याचा बाप सुईणीला बोलवा म्हणत होता. त्यानं कोणाचं ऐकलं नाही, ॲम्ब्युलन्सला स्वतः फोन केला आणि तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. मी आणि जाऊ मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. वाटेत एक झटका येऊन गेला होता. बाहेर तो उभा होता, शर्टाच्या बाहीवर तिची थुंकी, रक्त. त्याचा एक काका त्याच्या कानाशी लागून सांगत होता की आता इथून नीघ, स्टेशनवर जा, मिळेल ती नागपूरची गाडी धर, बाकीचं आम्ही पाहतो.

डॉक्टरीण बाहेर आली. घाईत होती. "पेशंटचं वय?"

"एकोणीस," सासू म्हणाली.

"नक्की?"

मी तोंड उघडणार, त्याच्या आत पोट्टा पुढं आला. "सतरा," तो म्हणाला. "सतरा लागलं आत्ता." आणि कोणी विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाला, "मी नवरा होय तिचा."

म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. जसं गृहपाठ बरोबर केला का, असं लेकरू बघतं. देवा रे.

तिथून नागपूरला रेफर केलं. ऑपरेशन झालं, एवढुशी पोरगी झाली, काचेच्या पेटीत ठेवली. पुतणी पुष्कळ वेळ बेशुद्ध होती. आम्ही फरशीवर बसून राहिलो. शेवटी नर्सनं सांगितलं की दोघीही वाचतील. माझी जाऊ माझ्या गळ्यात पडली. पोट्टा भिंतीला टेकून रडला, हसला, मग खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. तो चार दिवस हललाच नाही तिथून. काका रोज फोन करायचा, निघून जा. तो म्हणायचा, दूध आणाचं हाय, औषध आणाचं हाय. पोलीस आले तेव्हा तो खालून ब्रेडचा पुडा घेऊन वर येत होता. जिन्यातच विचारलं, नाव सांगितलं, आणि गेला त्यांच्याबरोबर. पुडा मला देऊन गेला.

पुतणीला आम्ही लगेच सांगितलं नाही. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. टाके दुखत असतील. पुढे तिचं बयान झालं. ती म्हणाली, मला कोणी जबरदस्ती केली नाही, मी माझ्या मर्जीनं गेले. लिहून घेणारी बाई चांगली होती, तिनं सगळं लिहून घेतलं आणि समजावलं की अठराच्या आत तुझी मर्जी कायदा धरत नाही. ती म्हणाली, "मंग तवा बाबानं मर्जीनं पाठवलं होतं, ते धरते का?" त्या बाईनं तेही लिहून घेतलं. पोट्ट्याची जमानत अजून झाली नाही. दिराला कोणी हात लावला नाही, कागदावर त्यानं लग्न लावलंच नव्हतं. सासरचे म्हणाले, आमचा पोरगा गेला, आता सून काय करायची? लगन तं झालंच नव्हतं. बरोबर आहे, नव्हतंच झालं. ती लेकराला घेऊन बापाच्या घरी आली. माझ्याच अंगणात राहते आणि माझ्याशी बोलत नाही. नळावर मी आले की बादली अर्धीच भरून आत जाते.

मला कोणी विचारलं, तुझं काय चुकलं, तर मी सांगेन, काही नाही. फोन करायचा होता, केला. खरं बोलायचं होतं, बोलले. पोरगी जिवंत आहे, लेकरू जिवंत आहे. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी हेच करेन. पण राग येतो. इतका राग येतो की कधी कधी अंगणवाडीत लेकरांवर उगाच खेकसते, आणि मग कोणावर रागावले ते मलाच ठरवता येत नाही. दिरावर, कायद्यावर, त्या वाटीभर हळदीवर, का त्या पोट्ट्यावर, ज्यानं माझं इतकं ऐकलं.

मागच्या महिन्यात किशोरी दिवस होता. गावातल्या अठराच्या आतल्या सगळ्या पोरींना अंगणवाडीत बोलवायचं, गोळ्या द्यायच्या, आणि लवकर लग्न, लवकर बाळंतपण यावर समझाईश द्यायची. माझी मदतनीस घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावून आली. बोलावताना तिनं माझ्या पुतणीलाही सांगितलं. तिचंही बरोबरच होतं, पोरगी सतराचीच आहे. मला वाटलं नव्हतं, पण ती आली. लेकराला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली, तिच्याहून लहान पोरींच्या मधात.

माझ्या हातात चित्रांचे कागद होते. पहिल्या चित्रात एक पोरगी, मांडीवर लेकरू, दोघंही वाळलेले. खाली लिहिलेलं की कमी वयात आई होणं धोक्याचं. मी ते वर धरलं आणि माझं तोंडच उघडेना. सगळ्या पोरी एकदा चित्राकडे पाहत होत्या, एकदा मागे.

"सांग ना, मोठी माय," पुतणी म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "सांग त्याइले. मी बाहेर बसतो." आणि लेकराला खांद्यावर घेऊन पायरीवर जाऊन बसली.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, शरीर कसं कच्चं असतं, रक्त कसं कमी होतं, झटके कसे येतात, दवाखान्यातच का जायचं. चांगलं सांगितलं, मला येतंच ते. शेवटी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? कोणी विचारत नाही कधी. त्या दिवशी समोर बसलेल्या एका पोरीनं हात वर केला. आठवीत आहे ती. तिचंही कुठंतरी बोलणं चालू आहे, असं माझ्या कानावर आहे.

"मॅडम, तुमी म्हणता दवाखान्यात न्या. ताईच्या घरवाल्यानं नेलं होतं ना? मंग त्याले काहून धरलं?"

उत्तर मला पाठ आहे, कायदा काय म्हणतो, का म्हणतो, तो पोरींसाठीच आहे. त्या पोरीला ते कसं सांगायचं ते मला सुचेना.

पायरीवरून पुतणी बोलली. मागे वळूनही पाहिलं नाही, लेकराची पाठ थोपटत होती. रागानं नाही, एखाद्या लहान बहिणीला रस्ता सांगावा तसं म्हणाली, "तुह्यावर वेळ आली तं एकोणीस सांगजो व बाई. घरवाल्यालेही तेच सांगून ठेवजो."

त्या पोरीनं मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. त्यांना पटलं होतं. मी चित्रं गोळा केली आणि गोळ्या वाटायला लागले.